सूर्यप्रकाश, ड जीवनसत्त्व आणि बालकांची रक्तशर्करा

बंगळूर शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर वसलेले आहे. वर्षातील बहुतेक दिवस तेथे ऊन पडते. जे जीवनसत्त्व मनुष्याच्या त्वचेत उन्हाच्या योगाने निर्माण होते, त्याची उणीव अशा प्रदेशात भासू नये, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्ष स्थिती तशी नाही. २०१६ ते २०१८ या काळात भारतभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षे वयाच्या २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली. त्याच सर्वेक्षणात या वयाच्या सुमारे १० टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसून आले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे काय? आणि असल्यास, ड जीवनसत्त्वाच्या गोळीने बालकाची रक्तशर्करा ताब्यात राहील काय?

ड जीवनसत्त्वाची घडण

उन्हातील जंबुपार किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून ड जीवनसत्त्व बनते. पुढे यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्यात बदल घडून त्याला कार्यक्षम रूप प्राप्त होते. जीवनसत्त्व घडविणारे हे किरण खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत. म्हणून वर्गात किंवा मोटारीत काचेआडून अंगावर येणारे ऊन ऊब देते. जीवनसत्त्व देत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही या कामी दुर्बळच असते. शिवाय सावळ्या त्वचेस तेवढेच जीवनसत्त्व बनविण्यासाठी अधिक वेळ उन्हात राहावे लागते.

१९२२ साली मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुडदूस बरा करणारे हे द्रव्य अ जीवनसत्त्वाहून निराळे असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरांटो येथे एका मधुमेही मुलाला प्रथमच इन्शुलिन टोचण्यात आले. या दोन शोधांच्या वाटा एकत्र येण्यास मात्र ५८ वर्षे लागली. ड जीवनसत्त्वाविना वाढविलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी स्रवते, असे नॉर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींत ड जीवनसत्त्वाचे ग्राहक असतात, आणि इन्शुलिन बाहेर पडण्याच्या क्रियेत कॅल्शियमचा वाटा असतो. त्यामुळे हा संबंध संभाव्य वाटू लागला.

म्हैसूरच्या मातांचा अभ्यास

बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा हाती आला. तेथे गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासून पुढे त्यांच्या मुलांची वाढ कित्येक वर्षे पाहण्यात आली. दोनतृतीयांश मातांत ड जीवनसत्त्व कमी होते. त्यांची मुले साडेनऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या दंडाचे स्नायू इतरांहून लहान होते आणि त्यांची शरीरे इन्शुलिनला कमी दाद देत होती. कृष्णवेणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक बालकांच्या निरीक्षणात, ज्यांना पहिल्या वर्षी हे जीवनसत्त्व नियमित मिळाले त्यांच्यात पुढे बालमधुमेह कमी आढळला.

निरीक्षण आणि प्रयोग

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते, असे नाही. मैदानात खेळणाऱ्या मुलाला ऊनही मिळते व व्यायामही. रक्तशर्करा आटोक्यात राहिली तर श्रेय कोणाला द्यावे? याचा निवाडा प्रयोगानेच होतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज ४,००० एकके ड जीवनसत्त्व व उरलेल्यांना निर्गुण गोळी देण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील मधुमेहाच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. जो उपाय प्रौढांत सिद्ध झाला नाही, तो बालकांत हमखास लागू पडेल असे मानण्यास आधार नाही.

पालकांनी काय करावे?

तरीही ड जीवनसत्त्वाचे मोल कमी होत नाही. हाडांच्या वाढीसाठी पहिल्या वर्षी रोज ४०० एकके, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि पुढे ६०० एकके बालकास मिळावीत, अशी शिफारस आहे. उणीव असल्यास वैद्याच्या सल्ल्याने ती भरून काढावीच. मात्र येथे ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय चालत नाही. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते. वांत्या होतात, मूत्रपिंडास इजा पोहोचते. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये शिशुआहारात हे जीवनसत्त्व सढळ हाताने घातले गेले, तेव्हा काही अर्भकांवर हाच प्रसंग ओढवला आणि प्रमाण घटवावे लागले.

अतितहान व वारंवार लघवी ही लक्षणे या अतिरेकातही दिसतात आणि मधुमेहातही. अशा मुलाचे वजन घटत असेल, तर गोळ्यांवर विसंबून न राहता त्याच दिवशी रक्तशर्करा तपासून घ्यावी. ज्या बालकास इन्शुलिन लागते, त्याचे इन्शुलिन कोणत्याही जीवनसत्त्वाच्या भरवशावर थांबविणे म्हणजे त्याचे प्राण संकटात घालणे होय. गोळी उणीव भरून काढते. इन्शुलिनची जागा ती घेऊ शकत नाही.