आजोबांच्या जन्मनोंदीवरचा पासपोर्ट

(बी. ए. द्वितीय वर्ष)

राज्यशास्त्राच्या पेपरात ‘एकेरी नागरिकत्व’ यावर टीप हमखास येते. अमेरिकेत घटकराज्याचे वेगळे नागरिकत्व असते, आपल्याकडे महाराष्ट्राचा वेगळा नागरिक नसतो, असे चार ओळींत लिहून आपण मोकळे होतो. पण आपल्या नागरिकत्वाच्या एकेरीपणाला आणखी एक बाजू आहे आणि ती त्या टिपेत येत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम असे सांगते की, ज्या भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व तेथेच संपले. हे कलम प्रत्यक्षात किती धारदार आहे ते पाहायचे असेल तर गोव्याकडे पाहावे. आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे तेथील हजारो माणसांनी पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आहे.

परळीत बसून हा विषय लांबचा वाटेल. पासपोर्ट, म्हणजे शुद्ध मराठीत पारपत्र, आमच्या घरात कोणी हाताळलेला नाही. महाविद्यालयाची पायरीसुद्धा घरातून मीच पहिली चढले. परंतु आजोबांचा जुना कागद शोधत कचेऱ्या हिंडणे ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात निजामकालीन नोंदींचा जो शोध चालला, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना जी एकाएकी किंमत आली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. गोव्यातील शोधही याच जातीचा आहे. फक्त तेथील कागद पोर्तुगीज भाषेत आहे आणि तो जातो लिस्बनला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पोर्तुगीज पूर्वज’ म्हटले की कोणी गोरा साहेब पणजोबा डोळ्यांसमोर येतो. तसे काही नाही. येथे रक्ताचा संबंध नाही, धर्माचा नाही, आडनावाचाही नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचे गाव आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली घरात बोलतात. वसईत लोपिस, डिसोजा ही आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तरीही या लोकांना या वाटेने पोर्तुगालचा पासपोर्ट मिळत नाही, कारण चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली आणि पाठोपाठ चौल-कोर्लईही पोर्तुगीजांच्या हातून गेले. उलट पेडण्याचा एखादा नाईक, घरात कोकणी बोलणारा आणि मराठी पोथी वाचणारा, त्याच्या आजोबांचा जन्म गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी झालेला असेल, तर तो हक्क सांगू शकतो. जन्म कोणत्या राज्यात झाला आणि तो कोणत्या वहीत लिहिला गेला, एवढाच प्रश्न आहे. दमण आणि दीव यांनाही हेच लागू आहे.

आता हे झाले कसे? १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेने गोवा मुक्त केला. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या भूमीवर जो जन्मला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणी जन्मले, तो भारताचा नागरिक मानला गेला. ज्यांना जुनेच नागरिकत्व ठेवायचे होते त्यांनी एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते. कळवणारेही निघाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणेच पत्करले. मग आपल्याच जन्मगावी राहण्यासाठी त्यांना परकीय म्हणून परवाना घ्यावा लागला. त्याची मुदत १९६४ मध्ये संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही आणि खटला उभा राहिला. जिंकलेल्या प्रदेशातील रहिवाशाला जिनिव्हा कराराचे संरक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो फेटाळला. ‘मोंतेइरो विरुद्ध गोवा राज्य’ या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात का नाही याचे मला आश्चर्य वाटते.

इकडे दिल्लीने एका आदेशाने सर्वांना भारतीय केले, तिकडे लिस्बनने मात्र आपल्या वहीतून कोणाचे नाव खोडले नाही. सालाझारच्या राजवटीने गोवा गेल्याचे मान्यच केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी क्रांती होऊन ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या तहात पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व कबूल केले. त्यानंतर आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा तेथील बहुतेकांचे पोर्तुगीज नागरिकत्व संपवणारा कायदा १९७५ साली आला. पण त्याच कायद्यात, भारतातील जुन्या पोर्तुगीज प्रदेशात जन्मलेल्यांना इच्छा नोंदवून नागरिकत्व राखण्याची वाट ठेवली गेली. हीच ती फट. तिच्यातून आज नातवंडे आत जातात.

या वाटेला गर्दी लागली ती पुढे. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला आणि त्याच्या पासपोर्टला हळूहळू साऱ्या पश्चिम युरोपात काम करण्याच्या परवानगीचे मोल आले. म्हणून पोर्तुगीज झालेले बहुतेक गोवेकर पोर्तुगालात राहिलेच नाहीत, ते इंग्लंडला गेले. स्विंडन या गावात गोवेकरांची वस्ती झाली, लेस्टरमध्ये दमण-दीवच्या लोकांची. गोदामे, कारखाने, रुग्णालये, विमानतळ येथे त्यांनी कामे धरली. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर निघणारी आपली माणसे मला येथे आठवतात. पोटासाठी गाव सोडणे दोन्हीकडे सारखेच, मात्र उसाच्या फडावर जाणाऱ्याला आपले नागरिकत्व मागे ठेवून जावे लागत नाही. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२० अखेर ही मुक्त वाट बंद झाली. त्याआधी तेथे राहत असलेल्यांना राहण्याचा हक्क मागता आला. नंतरच्यांसाठी युरोपीय संघातील देश तेवढे उरले.

प्रत्यक्ष काम कसे चालते? गोव्यात पोर्तुगीज काळापासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद होत आली आहे. त्या वहीतील आजोबांच्या जन्माचा संपूर्ण उतारा काढायचा. जुने उतारे हाताने, पोर्तुगीजमध्ये लिहिलेले. तो लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात पाठवून तेथील वहीत आजोबांचा जन्म चढवायचा. मग त्यांचा विवाह चढवायचा, मग वडिलांचा किंवा आईचा जन्म, मग आपला. साखळीची एक कडी निसटली की पुढचे सारे थांबते. एकदा का जन्म लिस्बनला नोंदला गेला की ओळखपत्र आणि त्यामागून पासपोर्ट मिळतो.

कडी निसटते ती बहुधा नावांत. पोर्तुगीज कारकुनाने कामतचे ‘कामोतिम’ केलेले असते आणि शाळेच्या दाखल्यावर ‘कामत’ असते. बाईचे तर लग्नात सासरी नावच बदलले जाते. जन्माच्या वहीत एक, विवाहाच्या वहीत दुसरे. हे वाचताना हसू नये. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख दिलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यापैकी एकाचाही कागद लिस्बनच्या वहीत चढला नसता! गोव्यात या कामासाठी वकील आणि एजंट बसलेले आहेत, आणि जेथे कागदाला भाव असतो तेथे खोटा कागदही येतो, तशी प्रकरणे घडली आहेत.

खरी अडचण यानंतर सुरू होते. लोक याला ‘दुसरा पासपोर्ट’ म्हणतात, पण भारतीयाच्या बाबतीत तो दुसरा नसतो. नागरिकत्वाच्या नियमांनुसार परदेशी पासपोर्ट घेणे हाच परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने हा नियम १९६२ सालीच वैध ठरवला. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मतदारयादीतून नाव जाते, निवडणूक लढवता येत नाही. ज्यांनी पासपोर्ट काढला नाही, केवळ जन्म लिस्बनला नोंदवला, त्यांचे काय? पोर्तुगालच्या लेखी ते नागरिक झाले. पण नोंद म्हणजे ‘स्वेच्छेने घेणे’ का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे, आमदारांवरही असे आक्षेप आले आहेत. माझे मत विचाराल तर, मुलाच्या हितासाठी बापाने नाव नोंदवले आणि वयात आल्यावर मुलाला कळले की आपण कोणाचे ते अर्धवट आहे, यात त्या मुलाची ‘स्वेच्छा’ कोठे आली हे मला उमगत नाही.

कोणी विचारील, आमचे आजोबाही १९४८ पर्यंत भारताबाहेरच्याच राज्याचे प्रजाजन होते, निजामाच्या. मग बीडच्या माणसाला असा हक्क का नाही? उत्तर सोपे आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद हे राज्यच भारतात विलीन झाले, त्याच्या मागे नागरिकत्व देणारे कोणी उरले नाही. निजामाच्या दप्तरातील नोंद आज आपल्याच तहसिलीत दाखवायची असते. गोवा सोडून गेलेले राज्य मात्र युरोपात शाबूत आहे आणि त्याची वही अजून उघडी आहे.

भारतीय नागरिकत्व सोडलेल्यांसाठी ओसीआय कार्ड आहे. आजोबांच्या पिढीपासून गोव्याशी नाते असलेले आंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना जानेवारी २०१७ मध्ये बंगळूरला आले, तेव्हा त्यांना ते कार्ड सन्मानाने देण्यात आले. सामान्य गोवेकराला मात्र त्यासाठी आधी भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. अलीकडे काही जणांचे पासपोर्ट, माहिती दडवली म्हणून, परत घेण्याऐवजी रद्दच केले गेले आणि त्यांची ही वाटही अडली. कार्ड मिळाले तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर भारतात कितीही दिवस राहता येते. मत देता येत नाही, एमपीएससीला बसता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वाडवडिलांची वारशाने आली तर तेवढी ठेवता येते.