‘चेंबर गळतो’ : एक क्रियापद आणि एक दुरुस्ती

उभ्या मोटारीखाली तेलाचा डाग दिसला, की ‘चेंबर गळतो’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. इंजिनाच्या वा गिअरबॉक्सच्या तळाशी बसविलेल्या तेलाच्या पात्रास वर्कशॉपात चेंबर म्हणतात. ‘दालन’ हा मूळ इंग्रजी अर्थ येथे संकुचित झाला आहे. पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ वरील, म्हणजे आजच्या क्र. ५३ वरील, बाळापूरच्या वऱ्हाडी बोलीत हेच वाक्य ‘चेंबर गयून राह्यला’ असे होते. ‘ळ’चा ‘य’ आणि चालू क्रियेसाठी ‘-ऊन राहणे’ ही दोन्ही बोलीची परिचित लक्षणे होत. उच्चार कोणताही असो, कर्ता चेंबरच राहतो; आणि जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत निदान येथेच चुकते.

‘गळणे’ या क्रियापदाचा कर्ता द्रवही होतो आणि पात्रही होते : पाणी गळते, छप्परही गळते. पात्र कर्ता झाले, की दोष त्याचाच असे ऐकणारा गृहीत धरतो. वस्तुतः कौल फुटलेले असते एकीकडे आणि पाणी वाशावरून उतरून पडते दुसरीकडे. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. वरच्या सांध्यातून निघालेले तेल आवरणावरून ओघळते, धावत्या मोटारीच्या वाऱ्याने मागे सरकते आणि अखेर सर्वांत खालच्या भागावरून, म्हणजे चेंबरवरून, ठिबकते.

हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल मोटारींत १९४० च्या मॉडेलपासून आला. शेव्हरोलेटचा पॉवरग्लाइड १९५० मध्ये आला. त्या काळी भारतात तयार होणाऱ्या मोटारी बहुतांशी हाताने गिअर टाकण्याच्या असल्यामुळे या यंत्राचा परिचय येथे मर्यादितच राहिला. यातील तेल केवळ वंगण नव्हे. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणे, दाबाने आतील क्लच व पट्टे आवळणे आणि उष्णता वाहून नेणे ही कामेही तेच करते. पातळी फार उतरली, की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब घटतो, क्लच घसरतो आणि जळतो. म्हणून लहानशा गळतीकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याइतकी होऊ शकते.

निदानाचा पहिला नियम असा, की पाना हाती घेण्यापूर्वी तळ धुऊन कोरडा करावा, थोडे अंतर मोटार चालवावी आणि खाली पांढरा कागद अंथरावा. या तेलास तांबडा रंग मुद्दाम दिलेला असतो. त्यामुळे ते इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखू येते. मात्र जुने, तापलेले तेल तपकिरी पडते हे विसरू नये. पातळीही निर्मात्याने सांगितलेल्या रीतीनेच पाहावी. बहुतेक गिअरबॉक्सांत ती तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून पाहावयाची असते. तेल जास्त भरल्यास त्याला फेस येतो आणि ते हवा जाण्याच्या नळीतून बाहेर पडते. तेथे फुटलेले काहीच नसते.

गळती केव्हा होते हेही पाहावे. मोटार बरेच दिवस उभी राहिली, की कन्व्हर्टरमधील तेल चेंबरमध्ये उतरते, पातळी वाढते आणि एरवी तेलाच्या वर असणारे गिअर-दांड्याचे सील बुडून त्यातून तेल झिरपते. इंजिन चालू असतानाच गळत असेल, तर पुढील पंपाच्या सीलचा किंवा रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचा संशय घ्यावा. शेवटच्या सीलमधून येत असेल, तर केवळ प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ते बदलता येते. पुढच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. ज्या गिअरबॉक्सांत व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, त्यांत त्याचा पडदा फाटल्यास तेल इंजिनात ओढले जाते. तेव्हा खाली डाग पडत नाही, धुराड्यातून पांढरा धूर मात्र निघतो.

चेंबरच खरोखर दोषी असेल, तर कारण बहुधा कॉर्कचे वाळलेले पॅकिंग किंवा प्रमाणाबाहेर आवळलेले बोल्ट हे असते. अति आवळल्याने पत्र्याची कड बोल्टच्या छिद्रांभोवती वर उचलली जाते. ती सपाट ठोकून घेतल्यावाचून नवे पॅकिंग बसविणे व्यर्थ होय. बोल्टही ठरलेल्या बलानेच आवळावेत.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. गिअरबॉक्समधील तेल त्याहूनही बरेच तापते. वय आणि उष्णता यांनी रबरी सील कडक होते आणि त्याची कड फिरत्या दांड्याला घट्ट चिकटून राहत नाही. बाजारातील गळतीरोधक द्रव अशा सीलला काही काळ मऊ करून फुगवितात. परंतु फाटलेली कड किंवा दांड्यावर पडलेली खाच त्यांनी भरून येत नाही.

तात्पर्य, निदान म्हणजे एका वाक्याचे दुसऱ्या वाक्यात रूपांतर होय. ‘चेंबर गळतो’ हे वाक्य डागाची जागा सांगते. ‘पुढच्या सीलमधून तेल गळते’ हे वाक्य उगम सांगते. ‘-मधून’ या अव्ययापूर्वी नेमका शब्द ठेवता येईपर्यंत पाना बाजूलाच ठेवावा.