पोलारी : ब्रिटनमधील समलिंगी पुरुषांच्या गुप्त बोलीचा उदय व अस्त

प्रस्तावना :
भाषा हे संवादाचे साधन आहे, तसेच ते संरक्षणाचेही साधन ठरू शकते. ब्रिटनमधील समलिंगी पुरुषांची ‘पोलारी’ ही बोली याचे ठळक उदाहरण होय. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील समलिंगी संबंध, ते खाजगीत घडले तरीही, दंडनीय ठरविले. याच कायद्याखाली १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. अशा परिस्थितीत अनोळखी व्यक्तीजवळ मन मोकळे करणे म्हणजे अटकेला निमंत्रण देणे होते.

जडणघडण :
‘बोलणे’ या अर्थाच्या इटालियन शब्दापासून ‘पोलारी’ हे नाव आले. सर्कस, जत्रा व रंगभूमीवरील कलावंतांची बोली, खलाशांची भाषा, यिडिश व रोमानी अशा अनेक स्रोतांतून तिचा शब्दसंग्रह घडला. ‘बोना’ म्हणजे चांगला, ‘ओमी’ म्हणजे पुरुष, ‘पलोन’ म्हणजे स्त्री. तर ‘ओमी-पलोन’ म्हणजे समलिंगी पुरुष. काही शब्द इंग्रजी शब्दांची अक्षरे उलटी करून तयार झाले. रोमानी ही मुळात भारतीय आर्य कुळातील भाषा असल्याने, तिच्यातून आलेला ‘चॅव्ही’ (मूल) हा शब्द मराठीतील ‘छावा’शी नाते सांगतो. वाक्यरचना मात्र बहुतांशी इंग्रजीचीच राहिली.

उपयोग :
संभाषणात एखादा पोलारी शब्द सहज पेरला जाई. समोरच्यास तो उमगला तर ओळख पटे. न उमगल्यास बोलणाऱ्याचे गुपित सुरक्षित राहत असे. पोलिसांसाठीही ‘लिली’ हे सांकेतिक नाव होते.

अस्त :
१९६५ ते १९६८ या काळात बीबीसीच्या ‘राउंड द हॉर्न’ या विनोदी नभोवाणी कार्यक्रमातील ज्युलियन व सँडी या पात्रांनी पोलारी घरोघरी पोहोचविली. गुपित उघड झाले. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगीतील संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. १९७० नंतरच्या मुक्ती चळवळीतील अनेक तरुणांना ही बोली भीतीच्या काळाची खूण वाटू लागली. पुढे भाषाशास्त्रज्ञ पॉल बेकर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून तिचा सविस्तर अभ्यास मांडला.

निष्कर्ष :
बोली लोपणे ही सामान्यतः सांस्कृतिक हानी मानली जाते. पोलारीच्या बाबतीत मात्र हानीबरोबरच एक प्राप्तीही दिसते. ज्या भयाने तिला टिकविले, ते भय ओसरू लागताच तिची गरजही ओसरली. म्हणूनच पोलारीचे शब्द जतन करताना, ते ज्या भयापोटी बोलले गेले त्याचीही नोंद राहणे आवश्यक आहे.