खेळाचा कॉम्प्युटर कसा जुळवावा

खेळ खेळायचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरी जुळवता येतो. माझ्या दादाने सोयाबीन काढणीच्या मजुरीतून पैसे साठवलेत. पैसे थोडे, म्हणून आम्ही आधी वहीत यादी केली.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. चित्रे दाखवणारे ग्राफिक्स कार्ड महाग असते. पण २०२१ साली निघालेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असते. त्यावर हलके खेळ चालतात. कार्ड पुढे कधीही बसवता येते.

त्याला एएम४ खाचेचाच मदरबोर्ड लागतो, दुसरा बसत नाही. रॅम डीडीआर४ लागते. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. एका बैलापेक्षा जोडी जोरात ओढते, तसेच हे.

आई म्हणाली, "पॉवर सप्लाय स्वस्तातला घे की रे!" दादा म्हणाला, "नाही गं आई, सगळ्या भागांना वीज तोच देतो. तो हलका निघाला तर बाकीचेही जळतील." मग आईने रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर काट मारली. साधे कॅबिनेट लिहिले.

दिव्यांनी खेळ पळत नाही. म्हणून पैसे आतल्या भागांवर घालावेत, दिखाव्यावर नको.

– इयत्ता ४ थी