दंड सरकारजमा, नुकसान नागरिकाचे

एखाद्या गृहस्थाने पेढीवर दागिने ठेवावेत, पेढीवाल्याने तिजोरीला कुलूप घालण्याचाही आळस करावा, चोरी व्हावी आणि न्यायाधीशाने पेढीवाल्याला जबर दंड ठोठावून ती सारी रक्कम सरकारी खजिन्यात भरून घ्यावी. दागिन्यांच्या धन्याने मात्र रिकाम्या हातांनी घरी परतावे, या व्यवहाराला न्याय कोण म्हणेल? संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नेमका हाच न्याय पत्करला आहे.

कायद्याची आवश्यकता वादातीत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. आज भाजी मागवावयाची असो की डॉक्टरची वेळ घ्यावयाची असो, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक ही सारी शिदोरी कुठल्या तरी ऑनलाइन कंपनीच्या हवाली करावीच लागते. ती एकदा फुटली की परत कोंडता येत नाही. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि अंगठ्याचा ठसा कसा बदलणार?

नव्या कायद्याने कंपन्यांवर बंधने घातली आहेत, हे मान्य केले पाहिजे. माहितीच्या रक्षणाची वाजवी तजवीज ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु कलम ३४ वाचले की डोळे उघडतात. दंडाची पै न् पै भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाची आहे. ज्याची माहिती फुटली आणि तिच्या आधारे भामट्यांनी ज्याचे बँक खाते धुऊन नेले, त्याला या कायद्याखाली छदामही मिळत नाही. उलट त्याची तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली, तर दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड त्याच्याच माथी! जी बाब या कायद्याने स्थापावयाच्या मंडळाच्या अधिकारात येते, तीत दिवाणी न्यायालयाकडे जाण्याचा मार्गही कलम ३९ ने अडविला आहे.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ प्रमाणे, संवेदनशील माहिती हाताळताना निष्काळजीपणा करणाऱ्या कंपनीवर नुकसान सोसणाऱ्याला भरपाई देण्याची जबाबदारी होती. नव्या कायद्याने ते कलमच गाळण्याची तरतूद केली. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला सुपरिचित असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली तयार केलेल्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो टिकला. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांतही तो आहे. आपल्याकडेच तो मध्येच कुठे गळाला?

मोठ्या दंडाने कंपन्यांना जरब बसेल, असा युक्तिवाद केला जातो. जरब अवश्य बसावी. पण जरब उद्याच्या चोरीपुरती. काल लुबाडल्या गेलेल्या पेन्शनराने त्या जरबेकडे पाहून घरखर्च चालवावा काय?

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. कंपन्यांना तयारीस अवधी मिळाला. नागरिकाच्या पदरी काय पडले? सरकारने दुरुस्ती विधेयक आणून भरपाईचा हक्क या कायद्यातच घालावा, ती ठरविण्याचा अधिकार त्याच मंडळाला द्यावा, आणि महाराष्ट्रातील खासदारांनी पक्षभेद विसरून ही मागणी लोकसभेत लावून धरावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.