ड्रॅक्स : सुडासाठी घडवलेला माणूस

मंडळाच्या मागच्या बैठकीत प्रत्येकानं आपल्या आवडत्या पात्राबद्दल पाच मिनिटं बोलायचं ठरलं होतं. कुणी कर्ण निवडला, कुणी नटसम्राटातले बेलवलकर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘ड्रॅक्स’, आणि सगळे हसले. त्यांचंही बरोबरच होतं. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’ या सिनेमातला ड्रॅक्स म्हणजे अंगभर नक्षी असलेला, प्रत्येक वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणारा धिप्पाड गडी. मला मात्र कॉमिकमधल्या ड्रॅक्सबद्दल बोलायचं होतं. पाच मिनिटांत ते जमलं नाही, म्हणून हा लेख.

ड्रॅक्स पहिल्यांदा दिसला फेब्रुवारी १९७३ च्या ‘आयर्न मॅन’च्या ५५ व्या अंकात. त्याच अंकात थॅनॉसही पहिल्यांदा आला. दोघांचा निर्माता एकच, जिम स्टार्लिन. लष्करी नोकरी संपवून तो कॉलेजात शिकत होता, तेव्हा मानसशास्त्राच्या वर्गात ही पात्रं त्याला सुचली. म्हणजे वर्गात बसूनही काहीतरी सुचतं, हे आपल्यापैकी काहींना कळलेलं बरं!

ड्रॅक्सची मूळ कथा सविस्तर कळते ती १९७४ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’च्या ३२ व्या अंकात. आर्थर डग्लस नावाचा एक साधा माणूस बायको आणि लहान मुलगी हेदर यांना घेऊन मोहावीच्या वाळवंटातून गाडीनं चाललेला असतो. वरून थॅनॉसचं यान जातं. यांनी आपल्याला पाहिलं असेल, एवढ्या संशयावरून थॅनॉस गाडी उडवून देतो. वैर नाही, ओळख नाही. नवराबायको जागीच संपतात.

थॅनॉस मूळचा टायटनचा, म्हणजे शनीच्या चंद्रावरचा. त्याला आवरू शकेल असा योद्धा तिथल्या दोघांना हवा असतो. ते आर्थरचा आत्मा घेतात, त्याला नवं, हिरवं, प्रचंड ताकदीचं शरीर देतात, जुन्या आठवणी झाकून टाकतात आणि एकच काम सांगतात : थॅनॉसला मार. तोच ड्रॅक्स द डिस्ट्रॉयर. आता हे दोघं कोण? एक मेंटॉर, थॅनॉसचा बाप. दुसरा क्रोनॉस, त्याचा आजोबा. भांडण त्यांच्या घरातलं, हत्यार मात्र परक्याच्या मढ्यातून केलेलं.

आणि हेदर? ती वाचलेली असते. मेंटॉर तिला टायटनवर नेतो, तिथल्या मठात ती वाढते आणि पुढे मूनड्रॅगन होते. बापाला सूड दिला, पण मुलगी जिवंत आहे ही आठवण दिली नाही.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. द्रोणाचा वध करणारा मुलगा हवा म्हणून द्रुपदानं यज्ञ केला आणि अग्नीतून धृष्टद्युम्न निघाला. त्यालाही कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुला काय व्हायचंय? फरक एवढाच की धृष्टद्युम्न कुणाचा तरी मुलगा होऊन जन्मला, ड्रॅक्सचं बापपण काढून घेतलं.

इथेच तो अँटीहिरो ठरतो. (संस्कृत नाट्यशास्त्रातला ‘प्रतिनायक’ म्हणजे नायकाचा विरोधक, म्हणून तो शब्द इथे चालत नाही.) ड्रॅक्स चांगल्यांच्या बाजूनं लढतो, पण चांगुलपणासाठी नाही. १९७७ साली थॅनॉस मरतो तो ॲडम वॉरलॉकमुळे. आता ड्रॅक्सनं करायचं काय? आपला वाटा हुकला म्हणून तो मित्रपक्षातल्या कॅप्टन मार्व्हलवरच चालून जातो. पुढे १९८२ मध्ये त्याचा अंत होतो, तोही मूनड्रॅगनकडून, पोटच्या मुलीकडून. १९९० मध्ये थॅनॉस परत येतो म्हटल्यावर क्रोनॉस ड्रॅक्सलाही उठवतो. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही.

सगळ्यात चटका लावणारा प्रसंग २००६ च्या ‘ॲनिहिलेशन’मध्ये आहे. ॲनिहिलस सगळं विश्वच संपवायला निघालाय हे थॅनॉसला कळतं आणि तो कैदेतल्या गॅलॅक्टसला सोडवायचं ठरवतो. आयुष्यात एकदा त्याच्या हातून बरं काही घडणार, नेमक्या त्याच क्षणी ड्रॅक्स पोहोचतो आणि त्याचं काळीज उपसून काढतो. तेहेतीस वर्षांनी काम फत्ते, पण चुकीच्या वेळी. हत्याराला वेळ कळत नाही.

आता थोडं घरचं. माझे काका हायवेवर ट्रकच्या धडकेत गेले. ट्रक सापडला नाही. तेराव्याला आलेल्या एका नातेवाइकानं दहा वर्षांच्या दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘मोठा हो आणि त्याला शोधून काढ.’ बोलणारा जेवून गेला, विसरलाही असेल. दादा कितीतरी वर्षं वहीत ट्रकचे नंबर लिहीत होता. आज तो स्वतः एका मुलीचा बाप आहे. त्याला मी दिवाळीत ही गोष्ट सांगितली. थॅनॉस मेला का, हे त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, ‘मग त्या पोरीला कधी कळलं का?’

सिनेमानं ही कथा बदलली. तिथे ड्रॅक्स पृथ्वीवरचा नाही आणि त्याच्या बायकोमुलीला रोनन मारतो. मोहावीतली गाडी गेली, आजोबांचा डावही गेला, याचं मला वाईट वाटतं. पण २०२३ च्या तिसऱ्या भागात शेवटी ड्रॅक्स सुटका केलेल्या मुलांसोबत राहतो, त्यांच्यात नाचतो. कॉमिकमध्ये क्रोनॉसनं जे काढून घेतलं होतं, ते सिनेमानं त्याला परत दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रॅक्सला हसा, जरूर हसा. फक्त हसताना मागे एक गाडी होती, आणि तिच्यात एक बाप होता, एवढं ध्यानात असू द्या.