जोंगाची तहान, आपला खिसा

जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा तीस वर्षं लष्कराच्या सेवेत धावली. तिचं पेट्रोल सरकार भरायचं! आज तशीच दांडगी गाडी घरासमोर उभी करायची म्हटली तर इंजिन कोणतं घ्यावं? पेट्रोल, डिझेल की हायब्रिड? जबलपूरच्या एका मराठी घरात रंगलेला हा हिशेब तुमच्याही उपयोगी पडेल.

रविवारची संध्याकाळ. जबलपूरच्या रांझी भागातलं काकांचं घर. दिवाणावर चकचकीत माहितीपत्रकांचा ढीग पडलेला आणि त्यात मान खुपसून बसलेला माझा चुलतभाऊ. विषय एकच, नवी गाडी. तीही साधीसुधी नाही. सात माणसं बसतील, रस्त्यात लोक वळून बघतील अशी एसयूव्ही!

पैसे? काही भावाचे, काही बँकेचे आणि उरलेले काकांच्या फंडातले. म्हणजे चाळीस वर्षांच्या नोकरीची पुंजी!

काका वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले. जबलपुरात गाड्यांवर चर्चा सुरू झाली की काकांसारख्या जुन्या माणसांना जोंगा आठवतेच. काकाही सुरू झाले, "आमच्या जोंगाला सहा सिलिंडर होते. अशी गाडी पुन्हा झाली नाही!"

भावाचे डोळे चमकले. "मग काका, मोठंच इंजिन घेऊ या ना!"

काकांनी चष्मा काढला. "अरे, जोंगाचं पेट्रोल सरकार भरायचं. तुझं कोण भरणार?"

खोली क्षणभर शांत झाली. आणि मला हा लेख मिळाला!

कोण ही जोंगा?

आजच्या तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये एक जुनी जोंगा घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो झळकले होते, तेवढीच काय ती ओळख.

ही मूळची जपानच्या निस्सान कंपनीची 'पेट्रोल' गाडी. (इथे 'पेट्रोल' म्हणजे गस्त, इंधन नव्हे!) निस्सानकडून १९६५ मध्ये परवाना मिळाला आणि ती जबलपुरात बनू लागली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरं जुळवून 'जोंगा' हे नाव तयार झालं. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ पासूनचा. लष्कराचा प्रसिद्ध 'शक्तिमान' ट्रकही जबलपूरचाच. पुढे १९६९ मध्ये खास वाहनांसाठी वेगळा कारखाना उभा राहिला. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची फेररचना झाली आणि हा वाहन कारखाना 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम' या सरकारी कंपनीत गेला.

जोंगाचं इंजिन ३,९५६ सीसीचं, म्हणजे जवळजवळ चार लिटरचं. आपल्या साध्या हॅचबॅक गाडीत एक-सव्वा लिटरचं इंजिन असतं. त्याच्या तिप्पट-चौपट! वाळू असो, चिखल असो की चढण, जोंगा दमायची नाही. रणगाडाविरोधी तोफसुद्धा ती पाठीवर वागवायची.

पण तहान? ज्यांनी जुन्या जोंगा लिलावात घेतल्या, त्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, लिटरला चार, फार तर पाच किलोमीटर!

लष्कराचं यात काही चुकलं का? मुळीच नाही. गाडीचा आराखडा १९६० च्या आसपासचा. तेव्हा तेल स्वस्त होतं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, ही पुढची गोष्ट. शिवाय सीमेवर गाडी अडली तर जवानाचा जीव जातो. तिथे मायलेज कोण बघणार? लष्कराने आपल्या कामाला जुळेल असं इंजिन घेतलं. प्रश्न आहे तो आपलं काम काय, हा!

जेव्हा जोंगा बाजारात आली...

याचं उत्तर खुद्द जबलपूरच्या कारखान्यानेच देऊन ठेवलं आहे. १९९६ मध्ये कारखान्याने सामान्य ग्राहकांसाठी जोंगा काढली. तिच्यात ते पेट्रोलचं इंजिन ठेवलं नाही, अशोक लेलँडचं हिनो डिझेल इंजिन बसवलं. स्वतःच्या खिशातून इंधन भरणाऱ्याला ही तहान परवडणार नाही, हे कारखान्याने ओळखलं होतं. त्या गाड्या मोजक्याच निघाल्या आणि १९९९ मध्ये जोंगाचं उत्पादनच थांबलं.

लिलावात जुनी जोंगा घेणाऱ्या अनेकांनीही तोच मार्ग धरला. पेट्रोलचं इंजिन उतरवलं आणि डिझेलचं चढवलं. (हौशी मंडळींनी लक्षात ठेवावं, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे.)

डिझेल कमी का पितं?

"डिझेल स्वस्त म्हणून!" भाऊ म्हणाला. हे अर्धंच उत्तर झालं. एक लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. दुसरं म्हणजे डिझेल इंजिनात हवा फार जोराने दाबली जाते, त्यामुळे इंधनातली जास्त शक्ती चाकांपर्यंत पोचते. आणि तिसरं, सिग्नलला उभी असताना किंवा सावकाश चालताना डिझेल गाडी फारच थोडं इंधन घेते.

जड गाडीला हे विशेष मानवतं. टोयोटाच्या फॉर्च्युनरचंच उदाहरण घ्या. या गाडीला भारतात २.७ लिटरचं पेट्रोल आणि २.८ लिटरचं डिझेल अशी दोन इंजिनं मिळाली. आकार जवळपास सारखाच. पण ओढण्याची ताकद, जिला मेकॅनिक 'टॉर्क' म्हणतात, ती पेट्रोलची २४५ तर ऑटोमॅटिक डिझेलची ५००. दुपटीहून जास्त! दोन टनांची गाडी भरल्या कुटुंबासह घाट चढते तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.

एका फेरीचा हिशेब

भावाची सासुरवाडी नागपूरची. जबलपूरहून लखनादौन, सिवनी, पेंचचं जंगल ओलांडून नागपूर. अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं. तुम्ही तुमच्या गावचा भाव घाला.

लिटरला ५ किलोमीटर जाणारी जोंगा: ५५ लिटर, म्हणजे ५,५०० रुपये.

लिटरला ९ जाणारी मोठी पेट्रोल एसयूव्ही: साडेतीस लिटर, सुमारे ३,०५० रुपये.

लिटरला १२ जाणारी मोठी डिझेल एसयूव्ही: २३ लिटर, सुमारे २,०६० रुपये.

एका फेरीत पेट्रोल-डिझेलमध्ये हजाराचा फरक! "झालं तर मग, डिझेलच घ्यायची!" भावाने टाळी वाजवली.

इथे एक गंमत सांगायला हवी. लिटरला १५ जाणारी छोटी गाडी बदलून कुणी २० जाणारी घेतली, तर आपण त्याचं कौतुक करतो. पाचाचा फरक! पण हजार किलोमीटरमागे त्याचं पेट्रोल वाचतं जेमतेम १७ लिटर. उलट ९ ची मोठी गाडी सोडून १२ ची घेतली, फरक फक्त तीनाचा, तर वाचतं जवळपास २८ लिटर! म्हणून मोठ्या गाडीत एकेक किलोमीटरला मोल आहे. "एवढ्या मोठ्या गाडीला मायलेज काय बघायचं?" असं शोरूममध्ये कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बघायचं ते मोठ्याच गाडीला!

काकूंचा प्रश्न

इतका वेळ स्वयंपाकघरातून सगळं ऐकणाऱ्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "पण वर्षाला आपण फिरतो किती?"

कुणालाच सांगता येईना!

मग मोजणी सुरू झाली. भावाचं ऑफिस घरापासून सात किलोमीटर. रोजचे चौदा, वर्षाचे सुमारे चार हजार. नागपूरच्या चार खेपा, बावीसशे. उन्हाळ्यातला एखादा लांबचा प्रवास, दोन हजार. एकूण आठ हजार किलोमीटर, बस्स!

आमच्या हिशेबात डिझेलने किलोमीटरमागे साडेतीन रुपयांहून थोडे जास्त वाचतात. आठ हजार किलोमीटरला वर्षाचे सुमारे २९ हजार. आता तीच गाडी डिझेलमध्ये दोन लाखांनी महाग पडते असं धरा. ते दोन लाख भरून निघायला जवळजवळ सात वर्षं लागतील! हाच हिशेब वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कंत्राटदाराचा मांडला, तर त्याचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल. गाडी तीच, इंजिन तेच. पण एकाला फायद्याचं आणि दुसऱ्याला ओझं!

आणखी एक अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायची तर इंजिन चांगलं तापून गाडी बराच वेळ सलग पळायला हवी. रोज सात किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ती गाळणी तुंबण्याचा धोका असतो. म्हणजे भावाच्या रोजच्या वापराला डिझेल सोयीचंच नाही!

मग हायब्रिड?

पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली हायब्रिड गाडी शहरात खरी कमाल करते. ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि गर्दीत तीच वापरते. मोकळ्या महामार्गावर ब्रेक कमी लागतात, तिथे हा फायदा घटतो. किंमत मात्र जास्त. तेव्हा रोज शहरात बरंच फिरणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. पेट्रोलवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे मायलेज थोडं उतरतं.

आणि माहितीपत्रकातला आकडा? तो प्रयोगशाळेत, रुळांवर चाकं फिरवून काढलेला असतो. तिथे ना खड्डे असतात, ना टपावर सामान, ना मागच्या सीटवर मुलांची भांडणं! दोन गाड्यांची तुलना करायला तो बरा, पण घरखर्च त्यावर बेतू नये.

कालनिर्णयवरची नोंद

खरं मायलेज काढायचं कसं? त्याचं उत्तर काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं होतं. कालनिर्णयवर त्या गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात. किती दिवस पुरला, हे त्यांना तोंडपाठ असतं. गाडीचंही तसंच करायचं. टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा लिहा. पुन्हा काठोकाठ भराल तेव्हा किती लिटर मावलं आणि किती किलोमीटर झाले, ते बघा. भागाकार करा. असं चार वेळा केलं की तुमचं इंजिन काय पितं, ते कुणाला विचारायला नको.

काकूंनी त्याच संध्याकाळी भावाच्या जुन्या गाडीत एक छोटी वही ठेवून दिली. दिवाळीपर्यंत नोंदी करायच्या, मगच नवी गाडी, असं ठरलं. मधल्या महिन्यांत महिन्याचे सातशे किलोमीटर एकदाही ओलांडले गेले नाहीत. सात माणसं गाडीत बसली ती फक्त दोनदा.

शेवटी भावाने घेतली ती मध्यम आकाराची पेट्रोल गाडी. काकांच्या फंडाला हात लागला नाही. ते पैसे आजही पोस्टात, मुदतठेवीत आहेत.

परवा फोनवर मी काकांना विचारलं, "मग काका, नवी गाडी कशी आहे?"

"चांगली आहे," काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण जोंगा ती जोंगाच!"